बुलबुलला दहापैकी दोन

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यातला माणूस सहसा खोटं बोलत नाही. ऊस कसा आलाय, पोरीला स्थळं किती सांगून आली आणि गाडी कशी आहे, एवढ्या तीनच बाबतींत बोलतो. बाकी सगळा हरिश्चंद्राचा कारभार.

यातल्या पहिल्या दोन बाबींवर मी काही बोलणार नाही. मला ऊस नाही, आणि आमची रेश्मा केव्हाच लग्न होऊन बंगळुरूला गेली. तिसऱ्या बाबतीत मात्र माझा अधिकार मोठा आहे. इतका मोठा, की माझ्या एका वाक्यानं एका मोटार कंपनीची झोप उडाली आणि कुपवाडचं एक सर्व्हिस सेंटर कुलूप लागायच्या बेताला आलं.

आधी रीत सांगतो, म्हणजे परमुलखातल्या वाचकाचा गैरसमज व्हायला नको. "गाडी कशी हाय?" हा आमच्याकडे प्रश्न नसतो, तो अर्ज असतो. विचारणाऱ्याला तुमच्या गाडीच्या प्रकृतीशी काही देणंघेणं नसतं; त्याला ती गुरुवारी हवी असते. आता तोंडावर "नाही" म्हणणं आमच्यात बसत नाही. शेजाऱ्याला नाही म्हटलेलं तो स्वतः तर विसरत नाहीच, मरताना पोरांनाही सांगून जातो. म्हणून पूर्वजांनी एक सभ्य वाट काढून ठेवली आहे. मालकानं आपणच आपल्या वस्तूची नालस्ती करायची. "कसली गाडी घेऊन बसलाय राव, निव्वळ खटारा." विचारणारा काय ते ओळखतो, "हल्ली गाड्याच तसल्या येत्यात" म्हणून चहा संपवतो आणि उठतो. मागणाऱ्याचा मान राहतो, मालकाची वस्तू राहते.

माझे बोरगावचे मामा तर याच्याही पुढे गेले होते. त्यांनी त्यांच्या सोन्या नावाच्या बैलाला लंगडायला शिकवलं होतं. पेरणीच्या दिवसांत फाटकातनं पाहुणा आत आला की मामा खाकरायचे, आणि सोन्या पुढचा उजवा पाय उचलून दीनवाणा उभा राहायचा. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुढं मामांना डांग्या खोकला झाला तेव्हा बिचारा बैल दोन आठवडे गोठ्यात बसून होता. आणि बेंदराच्या मिरवणुकीत, सगळा गाव लोटलेला असताना, गर्दीत कुणीतरी खाकरलं. अंगावर झूल, शिंगांना बेगड असा आमचा सोन्या वेशीपासून देवळापर्यंत तीन पायांवर गेला. खोटं वाटत असेल तर बोरगावात विचारा. मामा नाहीत, सोन्या नाही, पण खाकरणारी मंडळी अजून आहेत.

तर असल्या मामांचा मी भाचा. कोयनेच्या प्रकल्पात ओव्हरसियर म्हणून हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर साताऱ्यात घर बांधून एक बुलबुल घेतली. बुलबुल म्हणजे ती छोटी गाडी हो, पुढून पाहिली की हसल्यासारखी दिसणारी. माझी पिकल्या लिंबाच्या रंगाची आहे. आता दार लावून घेऊन, आवाज न करता लिहितो: गाडी सोन्यासारखी आहे. (मामांच्या सोन्यासारखी नव्हे.) घाटात शीळ घालत चढते, थेंबभर तेल पिते, कधी रुसत नाही. मी तिला रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसतो. आमच्या साळूबाई म्हणतात, "इतकी वर्षं संसार केला, माझा चष्मा कधी असा पुसला नाहीत."

समोरच्या घरात सुभेदार नाथाजी राहतात. लष्करातून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. माणूस लाखमोलाचा, पण मागणारा. माझी पूर्वीची स्कूटर मी एकदा त्यांना तीन दिवसांसाठी दिली होती. परत आली तेव्हा तिला साइडकार जोडलेली होती. "मेव्हन्याला पाय पसरायला लागत्यात," एवढंच स्पष्टीकरण मिळालं. तेव्हापासून त्यांनी माझ्या कुठल्याही वस्तूची चौकशी केली की माझा उजवा पाय आपोआप उचलला जातो.

त्या दिवशी नाथाजी सकाळीच आले. चहा बशीत ओतला, फुंकर मारली, हवापाण्याचं बोलून झालं. मग म्हणाले, "आमच्या सृष्टीला विट्याचं एक स्थळ आलंय. घर बघाया जायाचं म्हंतोय."

"वा, वा."

"लांब हाय जरा." एक घोट. "तुमची गाडी कशी हाय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझा फोन वाजला. मला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून फोन मी नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो. अख्ख्या आळीला माझे नातेवाईक आवाजानं ओळखू येतात. फोनवर एक गोड गळ्याची बाई होती.

"नमस्कार सर, बुलबुल कंपनीकडून बोलतेय. आमच्या गाडीच्या दर्जाबद्दल आपलं मत हवं होतं. इंजिनला दहापैकी किती गुण द्याल?"

माझ्या समोर नाथाजी. त्यांची बशी अर्ध्या वाटेत थांबलेली. अर्जावर निकाल द्यायची याहून चांगली संधी देवानंही दिली नसती.

"दोन," मी म्हणालो.

"दोन? बरं. ब्रेक?"

"तिला ब्रेक आहेत असं तुमचंच म्हणणं ना?"

"घाट चढताना कशी वाटते, सर?"

"कण्हते. बाळंतीण परवडली."

"बसायला?"

"उतरल्यावर दोन माणसं धरायला लागतात. शिवाय जळका वास येतो. आणि उभ्या उभ्या थरथरते." शेवटचं वाक्य नुसतं लयीत आलं, त्याला काही आधार नव्हता. पण पुढं सगळं महाभारत घडलं ते याच वाक्यावरनं.

"शेवटचा प्रश्न, सर. आमची गाडी आपण आपल्या मित्राला, शेजाऱ्याला सुचवाल का?"

मी नाथाजींच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "शेजाऱ्याला? वैऱ्याला सुचवणार नाही, बाई."

नाथाजींनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. "हल्ली गाड्याच तसल्या येत्यात," म्हणाले. "येष्टीनं जाऊ." आणि गेले.

मी विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात गेलो. साळूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाथाजी भावोजींनी ऐकलं, ते ठीक. पण ती बाई लिहून घेत होती, त्याचं काय?"

बायकांना नसत्या शंका फार, असं मी मनात म्हटलं.

आठवडा गेला असेल, कुपवाडहून झोयाचा फोन आला. ही झोया म्हणजे बुलबुलच्या सर्व्हिस सेंटरची मॅनेजर. सातारा आणि सांगली मिळून बुलबुलचं तेवढं एकच सेंटर, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. पोरगी हुशार, बोलायला गोड, आणि गाडीच्या पोटात काय दुखतंय ते फोनवर आवाज ऐकून सांगणारी. एकदा कासेगावजवळ माझं चाक बसलं तर भर उन्हात स्वतः माणूस घेऊन आली होती. तीच आज रडवेली झालेली.

"काका, काय केलं ओ तुम्ही? दोन?"

"अगं पोरी, ते नाथाजी समोर बसले होते…"

"तुमचं एकट्याचं असतं तर सोडून दिलं असतं ओ! दोन्ही जिल्ह्यांतनं सगळ्यांनी असंच सांगितलंय. पलूसचे आप्पासो म्हणतात, गाडी मागं येते. मिरजेचे शमशेरभाई म्हणतात, पत्र्याचा डबा आहे. सगळ्या देशात आपला नंबर शेवटचा आलाय, काका. कंपनी म्हणते, गाडी तीच, कारखाना तोच, मग तुमच्याकडंच कशी खराब होते? म्हणजे सेंटरच खराब. बंद करतो म्हणालेत."

"बंद?"

"बंद! माझी पोरं कुठं जाणार? आणि तुमची गाडी दुखली तर पुण्याला नेणार काय?"

पुणं! माझ्या डोळ्यांसमोर खंबाटकीचा घाट, कात्रजची गर्दी आणि तिथल्या सेंटरमधली ती टाय लावलेली, आपल्याला 'अंकल' म्हणणारी पोरं उभी राहिली. आणि त्याहून वाईट म्हणजे झोयाचा रडवेला आवाज. मी म्हणालो, "काय करू सांग."

"एक इंजिनियर पाठवालेत तुमच्याकडं. सगळ्यात जास्त तक्रारी तुमच्या म्हणून. त्यांना फक्त खरं सांगा, काका. बास."

खरं सांगणं! जन्मभर सांगत आलो होतो. यात काय अवघड होतं?

इंजिनियर आले. मुरुगेशन त्यांचं नाव, चेन्नईचे. तरुण, किडकिडीत, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि हातात एक पेटी, तिला असंख्य वायरी. ते आमच्या दारात उभे राहिले तेव्हा आळीतली यच्चयावत मंडळी कठड्यांवर आली. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि वर पाहिलं. पाच अर्जदार एका नजरेत मोजले. तोंड मिटलं.

"घाटात जाऊन बघू," मी त्यांना हिंदीत म्हणालो. एकांतात सांगेन, असा बेत. कोयनानगरचा रस्ता माझ्या पायाखालचा, वळणावळणाचा; गाडी आपली आपणच बोलेल.

मुरुगेशन पुढं बसले. मी चावी लावली. मागचं दार उघडलं आणि नाथाजी आत शिरले, काखेत पाण्याची बाटली आणि डोक्याला मफलर.

"तुम्ही कुठं, नाथाजी?"

"आवं, घाटात बंद पडली म्हंजी? ढकलायला मानूस पायजे की. तुमचं वय झालंय."

गाडी खटारा आहे हे मीच सांगितलेलं. खटाऱ्याला ढकलणारा लागतो, हे शास्त्र आहे. पाटण आलं. मग हळूच इंग्रजीत कुजबुजलो, "मिस्टर मुरुगेशन, कार व्हेरी गुड. टेन आउट ऑफ टेन."

मुरुगेशन दचकून मोठ्यानं म्हणाले, "सर, फिर आपने दो क्यों दिया?"

"काय म्हंत्यात सायेब?" मागून आवाज.

"म्हणतात, दोन वर्षांत मोडीत निघेल."

"आरं देवा," नाथाजी म्हणाले आणि मागच्या सीटची गादी हातानं दाबून बघू लागले. मला ती दाबून बघण्याची तऱ्हा आवडली नाही. बैलाच्या बाजारात तसं दाबतात.

कोयनानगरला आम्ही एका टपरीवर भजी खायला थांबलो. मुरुगेशननी भजी नाकारली. त्यांनी गाडी सावलीत उभी केली, इंजिन बंद केलं, पेटीच्या वायरी चारी बाजूंनी डकवल्या आणि स्वतः बॉनेटला कान लावून उभे राहिले. मी आणि नाथाजी बाकावर.

आणि तेवढ्यात धक्का बसला.

आता, कोयनेचा धक्का म्हणजे आमच्या घरातलं माणूस. आम्ही नोकरीत असताना ताक घुसळायचं विसरलं तर साळूबाई म्हणायच्या, राहू दे, संध्याकाळपर्यंत एखादा येईल. त्या दिवशीचा तर अगदी लहान होता. टपरीवाल्यानं डाव्या हातानं दुधाचं पातेलं धरलं, उजव्यानं भजी उलटली. नाथाजींनी बशी जरा उंच धरली. बाकावरचा एक म्हातारा झोपलेला होता, तो झोपलेलाच राहिला.

पण मुरुगेशन! ते पांढरेफटक पडून धावत आले. "सर! इंजिन बंद है! चाबी मेरे जेब में है! और गाडी कांप रही है!"

"अहो, भूकंप झाला," मी म्हणालो.

त्यांनी टपरीकडं पाहिलं. टपरीवाला भजी तळत होता. म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो घोरत होता. नाथाजींनी विचारलं, "आनकी एक कट चहा सांगू का?" मुरुगेशननी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की आयुष्यात एवढ्या खऱ्या बोलण्याला एवढा कमी भाव मला कधी मिळाला नव्हता. त्यांनी टिपणवहीत काहीतरी लिहिलं, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या, आणि परतीच्या वाटेवर दाराचं हँडल धरूनच बसले.

दुसऱ्या दिवशी झोयाचा फोन. "काका, रिपोर्टात काय लिहिलंय माहीत आहे का? 'ग्राहकाची तक्रार खरी. गाडी बंद असताना उभ्या उभ्या थरथरते.' कंपनीचे मोठे साहेब स्वतः येणार आहेत. ग्राहक मेळावा ठेवालोय. सगळ्या मालकांना उभं करून विचारणार, आणि तिथल्या तिथं निकाल. काका, शेवटचं सांगते. या, आणि खरं बोला."

मी शब्द दिला. साळूबाई म्हणाल्या, "देवाला स्मरून बोला." मी म्हणालो, "झोयाला स्मरून बोलतो. ती जास्त जवळ राहते."

कुपवाडला निघायच्या सकाळी गाडीत कोण आधीच बसलेलं असेल? "मिरजंला डोळं दावायचं हाईत," नाथाजी म्हणाले, "आन् रस्त्यात ढकलायला…"

"मानूस पायजे," मी वाक्य पुरं केलं.

रस्ता लोण्यासारखा, हवा गार, आणि बुलबुल अशी काही पळत होती की मला भीतीच वाटली. नाथाजी मागं टेकून बसलेले, खिडकीतनं हवा घेत, मधूनच "झ्याक," म्हणत. अर्ज पुन्हा दाखल होणार, हे उघड होतं. कऱ्हाड ओलांडल्यावर मला राहवेना. मी हळूच चावी उलटी फिरवली. गाडी गचके खात कडेला थांबली.

"बघा," मी उसासा टाकला. "रोजचंच आहे."

नाथाजींनी दार उघडलं. उतरले, मफलर कमरेला बांधला, आणि त्या वयात, मागं हात लावून, उसाच्या ट्रॅक्टरांची ये-जा चुकवत गाडी अर्धा फर्लांग ढकलली. मी आत बसून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होतो. मग चावी फिरवली. घाम पुसत येऊन बसले, आणि पार पेठनाका येईपर्यंत घोरले.

सेंटरच्या आवारात मांडव, खुर्च्या, उपमा, केळी. बाहेर बुलबुल गाड्यांची अशी रांग लागलेली, की जणू बुलबुलांचंच लग्न. एकेक गाडी पुसून लख्ख, लिंबू-मिरची ताजी. आणि मालक काही एकटे आलेले नव्हते. प्रत्येकाबरोबर एक मेव्हणा, एक चुलता, एक शेजारी. गाडीत जागा असताना ती रिकामी नेणं हा आमच्याकडे उर्मटपणा समजतात. मी ते दृश्य पाहिलं आणि मनात म्हटलं, संपलं. झोया, तुझ्या सेंटरचा मांडव हाच, आणि तेराव्याचा उपमाही हाच.

मोठे साहेब व्यासपीठावर, शेजारी मुरुगेशन, त्यांची पेटी मांडीवर. झोया दुभाषी म्हणून माइकपाशी उभी. साहेबांनी पहिल्या रांगेतल्या आप्पासोंना उठवलं. पलूसचे बागायतदार, फेटा, भरदार देह.

"गाडीला दहापैकी किती?"

आप्पासोंनी शेजारी बसलेल्या मेव्हण्याकडं पाहिलं. मेव्हण्याच्या घरी पुढच्याच महिन्यात वास्तुशांत होती.

"तीन," आप्पासो म्हणाले. "तेबी रंगाचं."

मिरजेचे शमशेरभाई उठले. बांगड्यांचे व्यापारी, बोलणं बांगड्यांसारखंच खणखणीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन साडू. "साहेब, गाडी कसली, पत्र्याचा डबा हाय डबा! बांगड्यांचं खोकं हिच्यापेक्षा मजबूत."

झोयानं भाषांतर केलं. असं एकामागून एक चाललं. शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, "एवढी वाईट आहे ना? ठीक. कंपनी सगळ्या गाड्या परत घेते. किल्ल्या इथं टेबलावर ठेवा आणि भरपाई घेऊन जा."

एकानं खिशावर हात ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवला.

"ऱ्हाऊ द्या की," आप्पासो पुटपुटले. "आता सवय झाली."

"डबा असला तरी आपला डबा हाय," शमशेरभाई म्हणाले.

साहेब झोयाकडं वळले आणि कपाळाला हात लावून काहीतरी बोलले. तिनं भाषांतर केलं नाही. नुसतं माझ्याकडं पाहिलं. त्या पोरीच्या डोळ्यांत अख्खं सेंटर उभं होतं, काचेच्या पलीकडून डोकावणाऱ्या तेलकट हातांच्या पोरांसकट.

मी उठलो. का उठलो ते उठल्यावरही कळलं नाही. माझ्या शेजारी नाथाजी बसलेले. खरं बोललो तर विटा, साखरपुडा, लग्न, बारसं, सगळीकडं बुलबुल जाणार. खोटं बोललो तर झोया जाणार. आणि अशा वेळी माणसाला मामा आठवतो. मामा सोन्याला लंगडा म्हणायचे, पण शेजारच्या रामभाऊंच्या बैलाची तारीफ करताना त्यांची जीभ थकायची नाही. कारण ज्याची तारीफ करावी ते उद्या मागता येतं.

"साहेब," मी म्हणालो, "तुमचा प्रश्न चुकतोय. आमच्याकडं बापाला विचारलं, मुलगा कसा आहे, तर तो म्हणणार, गाढव आहे. मुलगा कसा ते शेजाऱ्याला विचारावं. इथं कुणालाच स्वतःच्या गाडीचं विचारू नका. आप्पासोंना शमशेरभाईंच्या गाडीचं विचारा."

साहेबांना काही कळलं नाही, पण आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी विचारलं.

आप्पासोंचा चेहरा असा उजळला, जणू हळद लागली. "शमशेरभाईची गाडी? आवं काय सांगू! लय गुनाची! भरल्या खोक्यांनिशी पंढरपूर रोडनं पळती, एक बांगडी फुटत न्हाई. धा द्या. धाच्या वर आसंल तर ते बी द्या!"

शमशेरभाईंच्या दोन्ही साडूंनी एकदम माना वळवल्या. शमशेरभाई लाल झाले आणि ताडकन उभे राहिले. "असं काय? मग आप्पासोंच्या गाडीचं ऐका! चिखलातनं, उसातनं, ओढ्यातनं जाते! मागच्या दिवाळीत नऊ माणसं बसून जोतिबाला गेली, गाडीनं हूं केलं न्हाई! दहा! लिहा, दहा!"

मेव्हणा आप्पासोंच्या कानाला लागला.

मग काय विचारता! असा सूड उगवणारा स्तुतीचा वर्षाव कुपवाडनं पाहिला नसेल. जो तो दुसऱ्याच्या गाडीला दहा देत होता आणि आपली वाचवायला हात जोडत होता. मुरुगेशन उभे राहून टाळ्या वाजवत होते. झोया हसत होती, भाषांतर करायचं सोडून दिलं होतं. मी अंग चोरून हळूच खाली बसायला लागलो.

"आणि सातारचे लालासाहेब?" साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं. "यांच्या गाडीचं कोण सांगणार? ती थरथरणारी?"

माझ्या शेजारची खुर्ची मागं सरकली. नाथाजी उभे राहिले. सावधान स्थितीत, मिशा ताठ.

"म्या सांगतो. मला गाडी न्हाई, पर यांच्या गाडीला यांच्यापेक्षा जास्त म्या वळखतो. रोज समोरनं बघतो. कन्हत न्हाई. वास न्हाई. थरथरली ती धरनी, गाडी न्हवं. म्या तितंच चा पीत हुतो. आन् आज कऱ्हाडाफुडं बंद पडली म्हंत्यात. बंद पडली न्हाई, यांनी चावी फिरीवली. म्या आरशात बघितलं."

मांडवात खसखस पिकली. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण ते कुपवाड होतं, कोयनानगर नव्हे.

"तुम्ही पाहिलंत? मग ढकललीत कशाला?" माझ्या तोंडून निघालं.

"आवं, तुमास्नी तोंडावर न्हाई म्हनायची लाज वाटती, म्हून तुमी एवढं सोंग केलं. शेजाऱ्याची एवढी लाज धरनारा मानूस हाय, तर त्याचं सोंग आपुन धा पावलं ढकलाय नगं व्हय?" मग व्यासपीठाकडं वळून त्यांनी कडक आवाजात निकाल दिला, "गाडीला धा. मालकाला दोन."

साहेबांनी तो निकाल भाषांतर करून घेतला आणि खुर्चीत मागं टेकून इतके हसले, की त्यांचं सत्काराचं उपरणं गळ्यातनं घसरलं. सेंटर राहिलं. झोयानं माझ्या हातावर दोन केळी ठेवली आणि म्हणाली, "काका, एक तुमचं, एक सुभेदार काकांचं. खोटं बोलल्याबद्दल सोलून मिळणार न्हाई ओ."

बाहेर आल्यावर मी खिशातनं किल्ली काढून नाथाजींपुढं धरली. "सृष्टीचा साखरपुडा कधी आहे म्हणालात?"

"म्या कुठं काय म्हनलो?" ते म्हणाले. पण किल्ली घेतली, आणि मिरजेपर्यंत तेच चालवत गेले. शीळ घालत. गाडी घालत होती ती वेगळीच.

आता पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला बस पकडायची आहे. कंपनीनं आमच्या पट्ट्यातली सर्वांत गुणी गाडी म्हणून माझ्या बुलबुलचा फोटो मोठा करून साताऱ्यात लावला. त्यात मी कोपऱ्यात अर्धा आहे, नाथाजी पूर्ण. त्यानंतर "गाडी कशी हाय?" असं मला कुणी विचारलेलं नाही. अर्ज करायची गरजच उरली नाही. आता थेट तारीख सांगतात. सृष्टीचा साखरपुडा झाला, लग्न झालं, आळीतली दोन लग्नं झाली. दर वेळी गाडी परत येते ती पुसून, धुऊन, आणि मागच्या सीटवर लाडवांचा डबा. साइडकार अजून कुणी जोडलेली नाही. साळूबाईंचा चष्मा मात्र आता मी रोज पुसतो, फडकं रिकामंच असतं.

परवा आम्ही दोघं वाईला निघालो होतो, एसटीनं. पाचवडच्या अलीकडं मागून पिवळ्या रंगाचं काहीतरी शीळ घालत आलं. झेंडूच्या माळा, आत हसणारी नवी नवरी, पुढं मिशा. बुलबुल आमच्या बसला मागं टाकून भुर्रकन गेली. नाथाजींनी खिडकीतनं हात काढून मला सॅल्यूट ठोकला.

माझ्या पलीकडं एक अनोळखी गृहस्थ बसले होते. ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, मग माझ्याकडं वळले. "आवं पाव्हनं, घ्यायचा इचार हाय आमचा. ही बुलबुल गाडी कशी हाय?"

साळूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचा कान माझ्याकडं होता.

"दहापैकी दहा," मी छाती काढून म्हणालो.

"तुमच्याकडं हाय व्हय?"

"छे, छे," मी म्हणालो. "शेजाऱ्यांची आहे."